चौथा तोफखड्डा

३ नोव्हेंबर

दाजी,

माझं अक्षर पाहिलं तर तुम्ही पाकीट उघडणार नाही, म्हणून पत्ता छापून चिकटवला आहे. लबाडीच आहे. पण आता उघडलंच आहे तर चार ओळी वाचा.

ताई दर रविवारी फोनवर म्हणते, "थांब, हे इथंच आहेत, देते." मग मला तुमची चप्पल घासत दाराकडे गेलेली ऐकू येते. अकरा वर्षं हेच चाललं आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही. काम आहे म्हणून लिहितो.

जुना विमानतळ आता पाडायचा नाही असं ठरलं आहे. युद्धातल्या ज्या खुणा अजून उभ्या आहेत त्या साफ करून लोकांना दाखवायच्या. आमच्या मोजणी ऑफिसात नव्या मोठ्या बाई आल्या आहेत. त्यांना सगळ्याची नव्यानं नोंद हवी आहे. "जुन्या फायलीतलं उतरवून देऊ नका, जाऊन हात लावून या," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यामुळे दीड महिना मी रोज तिथं आहे. धावपट्टीच्या भेगांतून कमरेएवढं गवत आलं आहे. टॉवरला एकही काच राहिलेली नाही, जिना मात्र धड आहे. विमानं लपवायला घातलेले मातीचे बांध तुम्ही पाहिले होते तसेच आहेत, तीन बाजूंनी उंच आणि चौथी उघडी, एखाद्यानं ओंजळ धरावी तसे.

आता तोफखड्ड्यांकडे आलो आहोत. विमानतळाच्या राखणीला आकाशाकडे तोंड करून चार मोठ्या तोफा होत्या, त्यांचे हे चार आठकोनी काँक्रीटचे खड्डे. तोफा कधीच गेल्या. त्या जिथं बसवल्या होत्या तिथं जमिनीत गंजलेल्या बोल्टांचं कडं तेवढं उरलं आहे. तीन खड्डे साफ झाले. चौथ्यावर काटेरी झुडपांचं रान आहे, ते या आठवड्यात तोडतील.

म्हणून विचारतो. अकरा वर्षांपूर्वी त्या चौथ्यापाशी तुमचा रोलर खाली गेला तेव्हा आधी कुठलं चाक गेलं? पुढचं, की मागच्यांपैकी एक? आणि तुमचं तोंड टॉवरकडे होतं की फाटकाकडे? नुसतं नोंदीसाठी हवं आहे.

सध्या एका जागी बसवत नाही. ऑफिसात बसलो की बाहेर यावंसं वाटतं, बाहेर आलो की ऑफिसात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. काल घरी पलंग मोजला. पलंग कशाला मोजायचा?

उत्तर दोन शब्दांत दिलंत तरी चालेल. कमरेचं दुखणं कसं आहे?

तुमचा,
मेहुणा


११ नोव्हेंबर

दाजी,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

ताईकडून पत्राची खबर मिळाली. ती म्हणाली, "तुझं पत्र आलं. यांनी उघडलं, पान पालथं करून नाव बघितलं, आणि दुकानात नेऊन मशीनच्या पायाखाली घातलं. एक शिलाई मशीन डुगडुगत होतं म्हणे. आता बसलं नीट."

मी म्हटलं, "चला, उपयोग तरी झाला."

"काय लिहिलं होतंस एवढं?"

"कामाचं."

"त्यांना कामाचं लिहायची काय गरज होती तुला?" मग, तुम्ही ऐकू नये म्हणून असेल, हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना कितीदा सांगितलं, अहो, माणूस आहे, चुकतो. एकदा चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा. ऐकतच नाहीत. त्या दिवसावर बोलणं आलं की उठून जातात."

मी "हं" म्हणालो. ती तिच्या गुडघ्यांचं सांगू लागली.

तुम्ही निदान पहिल्या काही ओळी तरी वाचल्या असतील असं धरून पुढचं लिहितो, कारण परवा काहीतरी सापडलं आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

चौथ्या खड्ड्यावरचं रान तोडलं. खड्डा आत माती-पानांनी गळ्यापर्यंत भरलेला, पण कड शाबूत. कुठंही तुटलेली नाही, एक टवकासुद्धा नाही. मी चारदा फिरून पाहिलं. एवढा जड रोलर त्या कडेवरून आत गेला असता तर काँक्रीटचा चुरा झाला असता.

मग माणसं पूर्वेकडे दगडगोट्यांचा भराव काढायला लागली. तुमच्या अपघातानंतर त्याच आठवड्यात सुरक्षेसाठी म्हणून टाकलेला भराव आहे तो. तिसऱ्या दिवशी खाली पायऱ्या लागल्या. पायऱ्यांच्या तळाशी खोली. जमिनीखाली, पाच पावलं लांब, तीन पावलं रुंद, छप्पर कोसळलेलं. छपराच्या तुकड्यांत एक पत्रा निघाला, पिवळा रंग अजून आहे. रोलरच्या मागच्या चाकावरचा पत्रा आहे तो. मी ओळखला.

ही खोली तोफखड्ड्याच्या कडेपासून चौदा फूट लांब आहे. तोफेवरच्या माणसांनी नंतर स्वतःसाठी खणून घेतली असावी, निवाऱ्याला किंवा झोपायला. बाकीच्या तीन खड्ड्यांना अशी खोली नाही. जुन्या नकाशातही ती नव्हती. त्यामुळे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

शून्य अजून माझ्याबरोबर आहे. आठवतो ना? फितीचं शून्याचं टोक धरून उभा राहणारा. वीस वर्षं तेच टोक धरतो म्हणून सगळे त्याला शून्यच म्हणतात, आता त्याची बायकोही म्हणते. केस पांढरे झाले त्याचे. खोलीच्या काठावर उभा राहून त्यानं खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विडी पेटवायला लांब गेला.

आज इथंच थांबतो. लिहायला बसलो की टेबलाचा एक पाय हलतोय असं वाटतं. हे पत्र त्याखाली घालावं म्हणतो.

मेहुणा


१४ नोव्हेंबर

दाजी,

मागच्या पत्रात लिहिलं, जुन्या नकाशात खोली नव्हती. असं लिहिलं की तो नकाशा कुणीतरी दुसऱ्यानं काढला असावा असं वाटतं. नकाशा माझाच आहे. हे तुम्हाला माहीत आहे. आता जे लिहितो ते तुम्हाला माहीत नाही.

मी चौथा खड्डा मोजलाच नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी विमानतळाच्या आतून रस्ता काढायचं ठरलं तेव्हा मला तोफांच्या जागेचा नकाशा करायला पाठवलं. आम्ही पहिला खड्डा मोजला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्हींची मापं बोटाचाही फरक न पडता सारखी आली. मला फार आनंद झाला होता. एकाच साच्यातून काढल्यासारखे! चौथा काट्यांत होता. आम्ही काट्यांपर्यंत गेलो, शून्यानं फितीचं टोक काढलं, आणि मी म्हणालो, "राहू दे. तीन मोजले की चौथा काढता येतो." संध्याकाळी ऑफिसात तिसऱ्याचं चित्र उलटं ठेवून गिरवलं आणि त्याच्या भोवतीची जमीन भरीव म्हणून रंगवून टाकली. शितावरून भाताची परीक्षा. आमच्या धंद्यात सगळे कधी ना कधी हे करतात. म्हणून तर ते इतकं सहज झालं.

नंतर स्वतःला खूप कारणं सांगितली. त्या झुडपांत गांधीलमाश्या होत्या, हे खरं आहे. नकाशा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, हेही खरं आहे. पण त्या वेळी यातलं काहीच मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की माझं बरोबर आलं आहे.

त्या नकाशावरून चुन्याची रेघ मारली. खड्ड्यापासून चौदा फुटांवरून, म्हणजे बरोबर त्या खोलीच्या डोक्यावरून. खडी दाबायला रोलर हवा होता, तेव्हा तुमचं नाव मी सुचवलं. घरचा माणूस आहे, हात चांगला आहे, असं म्हणालो होतो.

पुढचं तुम्ही जगला आहात. मला फक्त चौकशीचा दिवस लिहायचा आहे, कारण त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात होता. रेघ रोलर वर काढायला आणलेल्या क्रेनच्या चाकांखाली पुसून गेली होती. भोक बुजवलं होतं, आणि खरा तोफखड्डा काट्यांखाली झाकलेला. उरला होता माझा नकाशा. नकाशात पोकळ जागा एकच, तोफखड्डा. बाकी सगळं भरीव. म्हणजे रोलर ज्या अर्थी खाली गेला त्या अर्थी चालकानं रेघ सोडली आणि तो तोफखड्ड्यावर चढला, असा सरळ हिशेब. साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला: "चारही खड्डे प्रत्यक्ष मोजले होते?"

मी हो म्हणालो.

बाहेर आलो तर बाकावर ताई बसलेली. तिनंही तेच विचारलं. "तू स्वतः मोजलं होतंस ना? कारण हे शुद्धीवर आल्यापासून एकच म्हणताहेत, मी रेघेवर होतो." मी तिलाही हो म्हणालो. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग झालं. तू मोजताना चुकत नाहीस."

साहेबांना खोटं सांगितलं ते भीतीनं. ताईला का सांगितलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एकदा हो म्हटलं होतं, दुसरं तोंडातून आपोआप आलं.

तुमचा परवाना गेला. वाहनांच्या धंद्यातून उठून तुम्ही शिलाई मशीनं दुरुस्त करत बसलात. आणि घरात अकरा वर्षं एक बाई तुम्हाला प्रेमानं सांगते आहे की चुकलं म्हणा.

मी माफी मागत नाही. ती मागून मला बरं वाटेल, तुम्हाला काय मिळेल? काय करू ते सांगा.


२६ नोव्हेंबर

दाजी,

तुमचं उत्तर मिळालं. कपडे बेतायच्या खाकी कागदाचा तुकडा, त्यावर बॉलपेन. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की घडीवर फाटायला लागलं. तुम्ही लिहिलेलं तुम्हालाच परत लिहून पाठवतो, म्हणजे मी नीट समजलो का ते कळेल.

"डावं मागचं चाक आधी गेलं. तोंड टॉवरकडे. मी रेघेवर होतो हे मला माहीत होतं, त्यात तू नवीन काही सांगितलं नाहीस. तू मोजलं नाहीस हे मात्र मला कधी सुचलं नाही. मला वाटायचं जमीनच खोटी निघाली. तुझ्या ताईला मी सांगणार नाही. सांगून दमलो. तू सांग. पण आधी कागदावर लिही, सही कर, मग तिला सांग. उलटं करू नकोस. बोलून तू मोकळा होशील आणि कागद तसाच राहील."

उलटं करणार होतो, दाजी. फोन हातात घेतला होता. तुम्ही मला फूटपट्टी म्हणायचात, पण माणूस मोजायला तुम्हीच हुशार.

तर कागद झाला. दोन पानी, तारीख घालून, मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, मग बसल्या आणि परत वाचला.

"हे आता का?"

"खोली आता सापडली."

"खोली आता सापडली. मोजलं नव्हतं हे कधी सापडलं?"

मी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं.

"यानंतर तुमच्या हातात फीत देता येणार नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि तुम्ही काढलेले बाकीचे नकाशे? किती आहेत?"

"एकशे चाळीस असतील."

"त्यातले किती असे?"

"हा एकच."

"हे तुम्ही सांगताय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी विश्वास ठेवायचा म्हटलं तरी मला ठेवता येत नाही हो. सगळे परत तपासायला लागणार. दोन वर्षं जातील माणसांची." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "साक्षीदार आहे का कुणी? नाहीतर वरचे म्हणतील, बहिणीच्या नवऱ्याला सोडवायला अकरा वर्षांनी गोष्ट रचली."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं बोललो तेव्हा कुणी पुरावा मागितला नव्हता.

मी शून्याकडे गेलो. तो टॉवरच्या पायरीवर डबा खात होता. मी म्हटलं, "त्या दिवशीचं आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? तीन खड्ड्यांवर टोक धरलं. चौथ्यावर काढलं आणि परत गुंडाळलं."

"इतकी वर्षं बोलला नाहीस."

"मला कुणी विचारलं का?"

"विचारलं असतं तर?"

त्यानं घास गिळला. "तर तुमच्याकडे बघितलं असतं."

मग त्यानं हात धुतले आणि सही केली. सही करताना म्हणाला, "यावर माझं खरं नाव घालावं लागेल ना? मलाच आठवावं लागेल." हसला. त्याच्या नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. सही केली म्हणून त्याला काही होणार नाही असं बाई म्हणाल्या. लेखी द्या, असं मी त्यांना सांगितलं. आजकाल मला सगळं लेखी लागतं.

बाईंना अजून एक हवं आहे. तुम्ही स्वतः येऊन रोलर कुठून नेला ते जागेवर दाखवावं. माझ्या शब्दाला आता किंमत नाही आणि ते बरोबरच आहे. प्रवास लांबचा आहे, तुमची कंबर अशी. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ताईला रविवारी सांगतो.


२ डिसेंबर

दाजी,

सांगितलं. तुम्ही घरातच होता, त्यामुळे तिकडची बाजू तुम्ही पाहिली आहे. इकडे काय ऐकू आलं ते लिहितो.

मी एका दमात सांगितलं. चौथा खड्डा, काटे, साहेबांचा प्रश्न, बाकावरचा तिचा प्रश्न. कागद दिला आहे हेही सांगितलं. मला वाटलं फोन कटला. मी "ताई?" म्हटलं.

ती म्हणाली, "आहे."

मग म्हणाली, "लग्नात सासूबाईंनी विचारलं होतं, भाऊ काय करतो? मी म्हटलं होतं, जमीन मोजतो, सुतासारखा सरळ आहे." आणि मग, अगदी शांतपणे: "हे मला सांगायचे, मी रेघेवर होतो. मी काय म्हणायचे माहितीये? मी म्हणायचे, बरं, असू दे. लहान मुलाला म्हणतात ना, तसं. असू दे."

"ताई, चूक माझी—"

"तुझी तर आहेच. तू गप्प बस. मी माझं बोलतेय."

त्यानंतर फोन ठेवला. ओरडली नाही, रडली नाही. मला तेच खुपतंय. त्यानंतर मी दोनदा लावला तर उचलला नाही. तुम्ही घरात काय चाललंय ते कळवाल का? एक ओळ पुरे.


१९ डिसेंबर

ताई,

हे पत्र तुला आहे. दाजींच्या पिशवीत देणार होतो, पण ते म्हणाले, "मी काय पोस्टमन आहे? तिकीट लाव आणि टाक." म्हणून टपालानं येतं आहे. बहुतेक त्यांच्या आधी पोहोचेल, कारण ते वाटेत एक दिवस तुझ्या नणंदेकडे थांबणार आहेत.

तू माझ्याशी बोलू नकोस. त्याबद्दल हे पत्र नाही. ते इथं आले होते तेव्हा काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं. ते स्वतः सांगणार नाहीत, त्यांना विचारलंस तर म्हणतील, "काय व्हायचंय? माती बघून आलो."

सकाळच्या बसमधून उतरले. हातात छोटी पिशवी. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "उठ, बसस्टँडवर तमाशा नको." मग रिक्षात बसलो. विमानतळाच्या फाटकाशी उतरून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. लांबच लांब ती पट्टी, गवत, वारा. म्हणाले, "एवढं मोठं रान. आणि मला नेमकं तुझंच भोक सापडलं."

शून्य जोरात हसला. मग त्यानं घाबरून माझ्याकडे बघितलं. मग मीही हसलो. काय करणार?

मोठ्या बाई आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर एक नवी मोजणीदार मुलगी, माझ्या जागी आलेली. मी आता रेकॉर्डच्या खोलीत बसतो. बाईंनी दाजींना विचारलं, "रेघ कुठून जात होती ते आठवतंय का?"

दाजी म्हणाले, "रेघ मला दिसतच नव्हती. रोलरवर बसलं की पुढच्या चाकाखालचं काही दिसत नाही. सुरुवातीला एकदा रेघ बघायची आणि मग लांबची खूण धरायची. मी टॉवरचा डावा कोपरा धरला होता. पहिल्या मजल्याच्या खिडकीची चौकट त्या कोपऱ्याला चिकटलेली दिसली की आपण सरळ."

बाई म्हणाल्या, "हे तेव्हा चौकशीत सांगितलं होतंत?"

"दवाखान्यात लिहून घ्यायला आले होते, त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, टॉवरचं काय लिहायचं, रेघेचं बोला."

जुनी फाईल मी त्याच सकाळी काढून आणली होती. त्यात टॉवरचा उल्लेख नाही. "चालकास समाधानकारक खुलासा करता आला नाही," असं आहे.

मग दाजी चालले. पाय ओढत, पण मान वळवली नाही. नजर टॉवरवर. वाटेत दगड आले, खाचा आल्या, बाजूला झाले नाहीत. शून्यानं हात धरायला पुढे केला तर म्हणाले, "सरक, खूण झाकतोस." ती मुलगी यंत्र लावून मागून बघत होती. दर दहा पावलांवर शून्य खुंटी ठोकत होता. खोलीच्या काठाशी दाजी आपोआप थांबले. पुढं जमीनच नव्हती. मुलीनं खोलीच्या पलीकडे एक खुंटी ठोकून घेतली, दोरी ताणली. दोरी खोलीच्या बरोबर मधून गेली. नकाशावरची रेघ आणि दाजींची दोरी यात फरक चार बोटांचा. ताई, अकरा वर्षांनी, मोडलेल्या कमरेनं, चार बोटं.

बाई हळूच म्हणाल्या, "आमची यंत्रं याहून जास्त चुकतात."

दाजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "खाली जाता येतं का?"

पायऱ्या उतरायला वेळ लागला. खाली एका भिंतीचा रंग टिकला आहे. तिथं विमानांच्या काळ्या आकृती काढल्या आहेत, खालून दिसतात तशा, पंख पसरलेल्या. दाजींनी विचारलं, "हे काय?"

मी सांगितलं, तोफेवरच्या पोरांना शिकवायला असं काढायचे. आपली कुठली, शत्रूची कुठली. घाईत आपलंच विमान पाडू नये म्हणून.

"मग कधी पाडलं नसेल?"

"पाडलं असेलही."

त्यांनी एका विमानाच्या पंखावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, मला, इतक्या वर्षांचं. मी तयार होतो. ते म्हणाले, "तुझी ताई हल्ली माझ्याशी पाहुण्यासारखी वागते. चहा आणून देते आणि विचारते, साखर बरोबर आहे का? तीस वर्षं झाली लग्नाला. परवा मी मुद्दाम म्हटलं, नाही, कमी आहे. तर भांडायची सोडून साखरेचा डबा घेऊन आली."

मी म्हटलं, "तिला वाटतं तिनं तुमच्यावर अन्याय केला."

"तिनं मोजणाऱ्यावर विश्वास ठेवला. मोजणाऱ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा? मला राग तिचा नव्हताच कधी. एकटं वाटायचं, एवढंच." मग म्हणाले, "हे तिला सांगता येत नाही मला. समोर आली की जीभ जड होते."

म्हणून मी सांगतो आहे. मला सांगायचा हक्क नाही हे ठाऊक आहे.

वर आलो. बाईंनी दुरुस्तीचा कागद टाइप करून आणला होता. त्यात लिहिलं होतं की मूळ नकाशा प्रत्यक्ष मोजणीशिवाय तयार केला होता, चालक आखलेल्या मार्गावरच होता, आणि अपघातास चालक जबाबदार नाही. दाजींनी मला वाचायला लावलं. मग म्हणाले, परत वाच. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला, चष्मा शोधला, आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"चालक कोण?"

"तुम्ही, दाजी."

"असं कुठं लिहिलंय? जुन्या कागदातही नुसतं चालक. यातही नुसतं चालक. रोलर काय हवेनं चालत होता? नाव घाल."

बाई म्हणाल्या, सरकारी कागदात पद लिहितात, नाव लिहायची पद्धत नाही. दाजी बोट त्या शब्दावर ठेवून बसून राहिले. वारा सुटला होता, कागद फडफडत होता, बोट हलेना. शेवटी बाईंनीच स्वतःचं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "तुमच्या अक्षरात लिहा. मी खाली सही करते."

मी लिहायला लागलो. ते अक्षर अक्षर सांगत होते, जणू मला त्यांचं नाव माहीतच नाही. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आडनावाशी माझा हात थांबला तर म्हणाले, "लिही, लिही. खाडाखोड करू नकोस."

शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातात धरला. घडी घालू दिली नाही. शून्यानं कुठून तरी जाड पुठ्ठा आणला, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून सुतळीनं बांधला. तो आता त्यांच्या पिशवीत आहे.

परवा सकाळी घरी पोहोचतील. ते स्वतः पिशवी उघडणार नाहीत, कोपऱ्यात ठेवून दुकानात निघून जातील. तू त्यांना जाऊ देऊ नकोस. तू काढ तो कागद आणि त्यांच्यासमोर वाच, मोठ्यानं, नावासकट.

तुझा भाऊ